प्राथमिक अंकगणिताची मराठी परिभाषा : एक ऐतिहासिक आढावा
(बोर्ली पंचतन परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

गणिताला भाषा नसते, ते सर्वत्र सारखेच असते, असे म्हटले जाते. हे विधान चिन्हांपुरते खरे आहे. प्राथमिक शाळेतील मूल मात्र गणिताशी प्रथम शब्दांतूनच परिचित होते. बेरीज, हातचा, पाव, दीड, शेकडा हे शब्द कळल्यावरच त्यामागील संकल्पना त्याला कळू लागतात. त्यामुळे प्राथमिक गणिताच्या उजळणीचा विचार करताना या शब्दांचा इतिहास दुर्लक्षून चालत नाही. प्रस्तुत लेखात या परिभाषेची जडणघडण रायगड किनाऱ्यावरील बोर्ली पंचतन या गावाच्या संदर्भात तपासली आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव नारळ-सुपारीच्या बागायती पट्ट्यात वसलेले आहे. हा परिसर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जवळच्या दिवेआगर येथे शके ९८२ (इ. स. १०६०) मधील मराठी ताम्रपट सापडला. श्रीवर्धन हे तर पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव होय. मराठी लेखन आणि मराठी दफ्तर या दोन्ही परंपरांशी या किनाऱ्याचा असा निकटचा संबंध आहे.

शास्त्र आणि दफ्तर

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा (इ. स. ११५०) प्रारंभ परिभाषेने होतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. येथे परिभाषा म्हणजे नाणी, वजने व मापे यांची कोष्टके. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, चोवीस अंगुळांचा एक हात, असा तो क्रम आहे. मोजण्याची साधने आधी आणि क्रिया नंतर, ही त्यामागील शिक्षणदृष्टी होय.

मराठीतील चार मूलभूत क्रियांची नावे पाहिली असता दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. गुणाकार व भागाकार हे शब्द संस्कृत शास्त्रपरंपरेतून आले. बेरीज हा शब्द फारसी वळणाचा, तर वजाबाकीतील ‘वजा’ व ‘बाकी’ ही दोन्ही पदे मूळ अरबी असून फारसीच्या वाटेने राज्यकारभारात रुळली. जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाला मिळवणे व वजा करणे या क्रिया रोजच्या होत्या. म्हणून त्यांची नावे दफ्तराने दिली आणि उरलेल्या दोघांची शास्त्राने दिली. इयत्ता दुसरीतील मुलाच्या पाटीवर हे दोन्ही इतिहास शेजारी शेजारी नांदतात.

पंतोजींची शाळा

छापील पुस्तकांपूर्वी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी आणि पाठांतर ही मुख्य साधने होती. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी म्हणून घेतली जात असे. यातील शब्दांची घडण अर्थपूर्ण आहे. ‘अडीच’चे मूळ ‘अर्धतृतीय’, म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे असे परिमाण. ‘औट’चे मूळ ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे साडेतीन. जर्मन भाषेत दीड या अर्थी ‘अँडरथाल्ब’, म्हणजे ‘दुसरा अर्धा’, असा शब्द आहे. त्यामुळे ही विचारपद्धती केवळ आपल्याकडचीच आहे असे म्हणता येत नाही. औटकी आज शाळेतून गेली असली तरी ‘औट घटकेचे राज्य’ या प्रयोगात तो शब्द टिकून आहे.

या पाठांतरामागे व्यवहाराची गरज होती. सोळा आण्यांचा रुपया आणि वीस मणांची खंडी ही चालू मापे असताना पाव, अर्धा व पाऊण यांत हिशेब करणे सोयीचे होते. पाव रुपया म्हणजे चार आणे, पाव खंडी म्हणजे पाच मण. अर्थात या पद्धतीत ‘का’ या प्रश्नाला फारसे स्थान नव्हते, ही तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

छापील पुस्तकांचे युग

मुंबईत १८२२ मध्ये देशी शाळा व शालेय पुस्तकांसाठी सोसायटी स्थापन झाली. तिच्या कार्यात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी गणिती ग्रंथांची मराठी रूपांतरे सिद्ध केली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे (१८२५-१८८४) यांनी मराठीत अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. ते याच जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या नागावचे होते. या काळात अंश, छेद, त्रैराशिक इत्यादी शास्त्रीय संज्ञा शालेय पुस्तकांत स्थिरावल्या.

खरा बदल घडला तो १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी दशमान नाणी प्रचारात आली. वजनमापांचा कायदा १९५६ मध्येच झाला होता. आणे, शेर, मण, पायली ही कोष्टके कालबाह्य झाली आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांचा व्यवहारातील आधार नाहीसा झाला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके याच दशमान जगातील आहेत.

संख्यानामांचा वाद

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी मांडणी आल्याने मोठा वाद झाला व तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, ही विसंगती तसेच जोडाक्षरांचा अडथळा कमी व्हावा, हा त्यामागील हेतू होता. नॉर्वेने १९५१ मध्ये असाच बदल अधिकृतपणे स्वीकारला होता. कन्नड व तेलुगू भाषांत तर दशक मुळातच आधी येते.

अडचण खरी आहे. एकोणतीस ते एकोणनव्वद या नावांत पुढच्या दशकातून एक वजा होतो, पण नव्याण्णव हा शब्द हा नियम मोडतो. तथापि घरात, बाजारात व एसटीच्या थांब्यावर मूल ‘एकवीस’च ऐकते. म्हणून ‘वीस एक’ हे समजावण्याचे साधन म्हणून उपयुक्त ठरते. रूढ नावाची जागा ते घेऊ शकत नाही.

समारोप

पुस्तकातील ‘एक छेद चार’ आणि घरातील ‘पाव’ या एकाच संकल्पनेच्या दोन संज्ञा आहेत, हे मुलाला क्वचितच सांगितले जाते. सव्वाशे म्हणजे १२५, तर सव्वा लाख म्हणजे १,२५,०००. पाव हा नेहमी कशाचा तरी पाव असतो, हे अपूर्णांकाचे मूलतत्त्व या दोन शब्दांत सामावले आहे. पावणेदोनशे या शब्दात वजाबाकी आहे, तर साडेचार वाजता या शब्दांत अर्ध्या तासाची बेरीज आहे.

बोर्ली पंचतनसारख्या गावातील मुलाच्या कानावर ही परिभाषा अजून पडते. तिचा वर्गात उपयोग न झाल्यास शाळेतील गणित आणि घरातील गणित ही दोन वेगळी गणिते बनतात आणि त्यातील शाळेचे गणित मुलाला परके वाटू लागते. औटकीचे पाठांतर पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. मात्र उजळणीत प्रत्येक संज्ञा तिच्या व्यवहारातील शब्दाशी जोडून घेणे, ही प्राथमिक शिक्षकाची आणि त्याला घडविणाऱ्या अध्यापक महाविद्यालयांची जबाबदारी आहे. लीलावतीकारांनी परिभाषेला पहिले स्थान दिले, त्यामागील विचार आजही तितकाच उपयुक्त आहे.