नगरच्या साहेबांची भावकी

आमच्या नगरला अमेरिकन मिशनचा विषय निघाला की लोक शाळा मोजतात, दवाखाने मोजतात, बाप्तिस्मे मोजतात. मला लहानपणापासून कुतूहल वेगळंच. या माणसांनी इथं घर कसं मांडलं? माझी पणजी एका गोऱ्या कुटुंबात आया होती. त्या कुटुंबाचं नाव सांगत नाही, कारण त्याची गरज नाही; पण बंगल्यातल्या गोष्टी आमच्याकडं आल्या त्या मागच्या दारानं, एवढं खरं.

पहिल्या पिढीचं बस्तान बसलंच नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पत्नीसह 1813 साली मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या बेतात होतं. राहायची परवानगी मिळाली, पण प्रकृतीनं दगा दिला आणि नॉट दांपत्य 1815 मध्ये माघारी गेलं. हॉल टिकले. त्यांचं लग्नही मुंबईतच झालं. पुढं 1825 साली बायको आणि दोन मुलगे अमेरिकेला निघाले, त्यातला एक मुलगा वाटेतच वारला. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात खुद्द हॉल पटकीनं गेले. तेरा वर्षांच्या मुक्कामाची ही अशी वाताहत.

डिसेंबर 1831 मध्ये ग्रेव्ह्‌ज, रीड आणि हर्वी हे तिघं नगरला आले. मुंबईच्या दमट हवेपेक्षा देशावरची कोरडी हवा बरी, शिवाय नगरला इंग्रजांची छावणी होती. बोरघाटाचा गाडीरस्ता नुकताच खुला झाला होता. तरीही सहा महिन्यांच्या आत हर्वी पटकीला बळी पडले. मुंबईला त्या दशकात अमेरिकेतून जहाजांनी बर्फ येऊ लागला. नगरला मात्र घरची पत्रंसुद्धा केपला वळसा घालून महिनोन् महिन्यांनी यायची.

मग आली टिकणारी मंडळी. हेन्री बॅलंटाइन 1835 साली आले. एबेनेझर बर्जेस आणि रॉबर्ट विल्सन ह्यूम 1839 साली. यांची सकाळ शास्त्रीबुवांपुढं बसून जायची. बालबोध शिकून भागत नसे, कारण बाजारातले, कचेरीतले कागद मोडीत. शिकायला आलेले साहेब हळूहळू लिहिते झाले. बॅलंटाइन यांनी मराठी भजनं रचली. 1842 साली नगरहून ‘ज्ञानोदय’ निघाला. बर्जेस यांनी शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचं पुस्तक करायला घेतलं आणि त्या पायी ते सूर्यसिद्धान्तात असे शिरले की 1860 साली त्याचं इंग्रजी भाषांतरच प्रसिद्ध झालं.

पण भाषा खऱ्या अर्थानं घरात आली ती मुलांबरोबर. बंगल्यातलं पोर पहिले शब्द ऐकायचं ते आयाचे. पणजी सांगायची, तिच्याकडचा धाकटा पडला की “आई गं” म्हणायचा, आणि मॅडमसाहेब समोर असल्या तरी मिठी पणजीलाच मारायचा. मॅडमना हे खुपायचं. मुलं नोकरांची बोली उचलतात, अंगणातल्या पोरांसारखी होतात, ही धास्ती त्या काळच्या कुठल्याही मिशन बंगल्यात असे. मुलं शाळेच्या वयाची झाली की त्यांना मायदेशी धाडायचं आणि आईबापांनी इथं राहायचं, ही रीत होती. दक्षिणेत कोडाईकनालला अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली ती थेट 1901 साली. त्याआधीच्या किती आयांनी बंदराला निघालेली गाडी नजरेआड होईतो बघितली असेल, त्याची नोंद कुठल्या अहवालात नाही.

ह्यूम यांचं घर बघा. थोरले ह्यूम 1854 साली कुटुंबासह अमेरिकेला निघाले आणि समुद्रावरच वारले. विधवा आई मुलांना घेऊन पुढं गेली. त्यातला रॉबर्ट भायखळ्याला 1847 साली जन्मलेला, म्हणजे तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. येलला शिकून तो 1874 साली परत आला आणि नगरलाच राहिला. त्याचा भाऊ एडवर्ड भायखळ्याला शाळा चालवू लागला. बापाचा जीव घेतलेल्या या वाटेवर दोघं आपखुशीनं माघारी आले. माझ्या मते मिशनचं घर नगरला वसलं ते यांच्या पिढीत, कारण यांना परत ‘घरी’ जायचं म्हणजे इकडं यायचं होतं.

या पिढीच्या सोयरिकी तर आपल्या देशावरच्या पाटलांसारख्या. सॅम्युएल फेअरबँक 1846 साली आले, 1857 पासून नेवाशाकडच्या वडाळ्याला राहिले. शेती बघायचे, पाखरं आणि शंख-शिंपले टिपायचे. पलनी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. त्यांनी बॅलंटाइनची लेक केली. रॉबर्ट ह्यूमची पहिली बायको बर्जेस यांची मुलगी, आणि ती गेल्यावर दुसरी फेअरबँक यांची केटी. म्हणजे माहेर वडाळा आणि सासर नगर! पहिल्या बायकोचा मुलगा एडवर्ड नगरला 1876 साली जन्मला. तो पुढं डॉक्टर होऊन चीनमध्ये चांगशाला गेला. मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरच्या बायकांची सेवा करायला आली. चार घराण्यांची अशी भावकीच झाली.

इथंच मला बोलायचं आहे. प्रभुभोजनाच्या पंगतीत जात चालणार नाही, ब्राह्मण आणि महार एकाच भाकरीतून घेतील, यावर मिशन अडून बसलं आणि ते अडून बसणं या मुलखात लहानसहान नव्हतं. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना 1854 साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या छप्पनच्या दुष्काळात रॉबर्ट ह्यूमसाहेबांनी माणसं जगवली, हे आमच्या गल्लीत कुणी विसरलेलं नाही. पण आपल्याकडं माणूस गावचा झाला की नाही हे रोटी आणि बेटी या दोन व्यवहारांवर ठरतं. प्रभूच्या मेजावर रोटी झाली. बंगल्याच्या मेजावर माझी पणजी नाताळखेरीज कधी बसली नाही. आणि बेटीव्यवहार? ज्या सोयरिकी मी वर सांगितल्या त्या सगळ्या गोऱ्यांच्या गोऱ्यांत. नारायण वामन टिळकांएवढा कवीसुद्धा मिशनमध्ये पगारी नेमणुकीवर होता, आणि 1917 साली ती नोकरी सोडूनच त्यांनी आपली वेगळी वाट धरली.

नगरच्या मातीत ही घराणी रुजली, यात मला शंका नाही. इथं जन्मली, मराठीत लिहिती झाली, काहीजण इथंच पुरली गेली. त्यांनी आम्हाला जात मोडायला शिकवलं, आणि ते शिकवताना स्वतःची एक नवी जात उभी केली. पहिल्या गोष्टीचं ऋण मानायचं आणि दुसरी गोष्ट झाकायची नाही, एवढं केलं तरच मिशनचा इतिहास आमचा इतिहास होईल.