खर्जाची पेटी

सबवूफर घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. दुकानदारही मग एखाद्या सिनेमातला स्फोट लावून दाखवतो, काचा थरथरतात आणि सौदा पक्का होतो. ही पेटी आली कुठून हे पाहिलं, तर वॅटचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा असं वाटू लागतं.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात खर्जाला तबकडीवर जागाच नव्हती. १९०२ साली गौहरजान कलकत्त्यात गायल्या त्या एका कर्ण्यासमोर. आवाजाच्याच जोरावर सुई मेणात रेघ कोरत असे आणि खालचे स्वर त्या कर्ण्याला पेलत नसत. युरोपात तर मुद्रणापुरता डबल बास बाजूला ठेवून ट्यूबा वाजवत. आपल्याकडच्या त्या जुन्या तबकड्यांत तबल्याची चाट कानावर येते. डग्ग्याचा घुमारा मात्र शोधत बसावं लागतं.

१९२५ साली विजेवरचं मुद्रण आलं. त्याच वर्षी अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तारेचं वेटोळं आणि कागदी शंकू असलेला स्पीकर मांडला. आजचा सबवूफरही त्याच तत्त्वावर चालतो. अडचण अशी, की शंकू पुढची हवा ढकलतो तेव्हाच मागची ओढतो आणि खालच्या स्वरांत या दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागे पेटी हवी; आणि स्वर जितका खाली, तितकी पेटी मोठी. खर्ज ऐकायचा तर दिवाणखान्यात कपाटाएवढं धूड ठेवावं लागे. १९५४ साली एडगर विलचर यांनी वाट काढली. पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच शंकूची स्प्रिंग बनवलं. पेटी एकदम आटोपशीर झाली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये भोक असलेल्या पेटीचं गणित मांडलं, सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं.

दुकानात दिसतात त्या या दोन जाती, बंद पेटी आणि भोकाची पेटी. भोकाची पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त गरजते. पण स्वर थांबला तरी तिची घरघर थोडी मागे रेंगाळते. बंद पेटी कमी बोलते आणि वेळेवर गप्प बसते. तबलजी डग्ग्यावर मनगट घासत नेतो आणि हात उचलतो. तो उचललेला हात ज्या पेटीतून कळेल ती घ्यावी, हे माझं मत. सिनेमाच पाहायचा असेल तर भोकाची खुशाल घ्या.

कारण घरातल्या सबवूफरचं दुसरं घराणं सिनेमाचंच आहे. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीने थिएटरांत प्रचंड पेट्या बसवल्या. कानांपेक्षा छातीला जाणवावी अशी घरघर त्यांतून निघे. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात तर गिलाव्याचे तुकडे प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून छताखाली जाळी बांधावी लागली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींत खालच्या आवाजासाठी जादा जागा ठेवली गेली. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटलने त्याला स्वतंत्र वाहिनी दिली. ‘५.१’ मधला तो ‘.१’ म्हणजे हीच वाहिनी. १९९६-९७ पासून डीव्हीडीबरोबर ती घराघरांत शिरली.

डॉल्बीवरून आठवलं. कोल्हापूर-साताऱ्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्यांचं हे नाव, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्याच देशात होते. १९६५ साली लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली ती टेपमधली सरसर घालवण्यासाठी, म्हणजे आवाज कमी करण्यासाठी! आपल्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात, ते माप ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करतं. मीटर शांत आणि तावदानं थरथरतात, त्याचं एक कारण हे.

आता घरातली मांडणी. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी चार मीटरांहून जास्त असते. एवढ्या लांब लाटेची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून पेटी कुठेही ठेवली तरी चालेल असं सांगतात. कानाला चालतं, खोलीला चालत नाही. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झची लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीशी बसलात तर ढणढणाट, मधोमध बसलात तर तोच स्वर गायब. कोपऱ्यात ठेवलेली पेटी अशा सगळ्याच लाटांना चेतवते. जुना उपाय गमतीचा आहे, पण खरा आहे. पेटी आपल्या बसायच्या जागी ठेवायची, ओळखीचं गाणं लावायचं आणि पेटीच्या उंचीवर कान ठेवून भिंतीकडेने रांगायचं. खर्ज जिथे सारखा, एकाही स्वरावर न फुगता ऐकू येईल, ती पेटीची जागा. घरची मंडळी हसतात, हसू द्यावीत. मग छेद ८० हर्ट्झच्या आसपास ठेवायचा, मुख्य स्पीकर लहान असतील तर थोडा वर. पातळी अशी, की पेटी चालू आहे हे कळू नये आणि बंद केली तर चुकचुकावं.

टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांचा हिशेब मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन पेट्या बहुतेक जागांवर खर्ज सारखा पोचवतात. चारांपुढे वाढवून फारसं काही हाती लागत नाही. म्हणजे एका मोठ्या धुडापेक्षा दोन लहान पेट्या बऱ्या. वॅटचा प्रश्न इथे विचारावा.

फ्लॅटमधल्यांसाठी आणखी एक. आवाज कमी केला की कानातून सगळ्यात आधी खर्ज निघून जातो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. म्हणून रात्री गाणं हळू लावलं की हात आपोआप सबवूफरच्या बटणाकडे जातो. गाण्याचे शब्द मधली भिंत अडवते; वाढवलेला खर्ज मात्र पलीकडे शेजाऱ्याच्या उशीपर्यंत जातो.