आगकाड्या, वाटाणा आणि कसाऱ्याची लोकल

कसाऱ्याला लोकल संपते. मुंबईहून निघालेली गाडी सुमारे १२० किलोमीटर धावून इथं येते आणि उलट्या तोंडानं परत जाते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्याही घाट चढण्याआधी इथं थांबतात. पुढचा चढ असा, की ३७ फूट पुढं सरकलं की एक फूट वर जावं लागतं. एका इंजिनाचं ते काम नव्हे. म्हणून गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं लावतात आणि ती इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात. बँकर लागल्याचा हिसका बसला की खिडकीजवळची पोरं सावरून बसतात, कारण आता बोगदे येणार. अंधार, उजेड, दरी, पुन्हा अंधार. पावसाळ्यात त्या उजेडाच्या तुकड्यांत एखादा धबधबा चमकून जातो, आणि पुढच्या तुकड्यात तो दुसऱ्याच कोनातून दिसतो. मधला भाग डोळा आपणच भरून काढतो. चलतचित्र चालतं ते याच भांडवलावर.

आसनगाव ते कसारा हा टप्पा १ जानेवारी १८६१ रोजी सुरू झाला. घाट फोडायला आणखी चार वर्षं गेली आणि १८६५ च्या पहिल्याच दिवशी गाडी इगतपुरीला पोचली. शहापूर-मुरबाडकडचा माणूस या रुळांकडे पाहतो तो कामाधंद्याला मुंबई गाठायची वाट म्हणून. ते खरंच आहे. पण महाराष्ट्रात चित्राला हलायला शिकवलं तेही याच मार्गाकाठच्या माणसांनी. घाटाखाली कल्याणात ते घडलं, घाटावर त्र्यंबक-नाशकात घडलं. आणि त्यासाठी लागलेलं सामान पाहिलं तर त्यातलं बरंचसं घरातल्या फडताळात सापडेल असं.

रुळांच्या खालच्या टोकाला होतं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, स्थापना १८५७. बोरीबंदरच्या स्थानकावरची दगडातली पानं-फुलं आणि पशुपक्षी ज्यांच्या हातून उतरले, त्यांत या शाळेचे विद्यार्थी होते. म्हणजे कसाऱ्याहून निघालेला मुलगा शेवटच्या स्थानकावर उतरतो तेव्हा विद्यार्थ्यांच्याच कामाखालून बाहेर पडतो, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेत. मुंबईहून खानदेशाकडे जाणारी रेल्वे हाच घाट चढून जाते. त्या नकलांपैकी बऱ्याच पुढं लंडनला धाडल्या गेल्या आणि १८८५ साली तिथल्या आगीत जळाल्या.

त्याच १८८५ साली एक १५ वर्षांचा मुलगा जे. जे. मध्ये दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. शास्त्र्याच्या घरातल्या मुलानं पोथ्या सोडून पेन्सिल धरावी, हे त्या काळात सहज पचणारं नव्हतं. तरी त्याला तिकडं जाऊ दिलं गेलं, आणि या साऱ्या कथेत हीच गोष्ट सगळ्यांत मोठी म्हणायला हवी. पुढच्या पंचवीस वर्षांत फाळक्यांनी काय काय केलं याची यादी कुठल्याही पालकाला घाम फोडील. बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्यात फोटोचा धंदा, नाटकाचे पडदे रंगवणं, राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम, स्वतःचा छापखाना, आणि मध्येच ‘प्रोफेसर केल्फा’ या नावानं जादूचे प्रयोग. केल्फा म्हणजे फाळके, उलटं वाचलेलं. आजच्या भाषेत याला ‘करिअर’ म्हणत नाहीत. पण सिनेमाला लागणारं जवळजवळ प्रत्येक कसब या वेड्यावाकड्या प्रवासात त्यांच्या हाताला लागलं होतं.

फाळक्यांच्या आधीही या मार्गावर चित्रं हलत होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. शंबर हा पुराणातला मायावी असुर, म्हणून जादूला शांबरी विद्या म्हणतात. खेळाचं नाव तिथून आलं. साधन होतं मॅजिक लँटर्न. दिवा, त्यापुढं काच, त्यापुढं भिंग, आणि समोर पांढरा पडदा. काचेवरचं चित्र मात्र हातानं रंगवलेलं. एवढ्याशा काचेवर राम, सीता, रावण, त्यांचे दागिने, डोळ्यांची बुबुळं, सगळं बारीक कुंचल्यानं काढायचं, कारण पडद्यावर ते माणसाएवढं होऊन दिसणार. केसाएवढी चूक वीतभर दिसायची. एकाच पात्राच्या निरनिराळ्या पवित्र्यांच्या वेगवेगळ्या काचा करून त्या झटपट बदलल्या की पात्र हललं असं वाटे. जोडीला निवेदन, संवाद आणि गाणी. पटवर्धनांची मुलं या कामात बरोबरीनं होती आणि गावोगाव खेळ झाले. घर हाच कारखाना, घर हीच शाळा. ल्यूमिए बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे कल्याणच्या काचा रंगून झाल्यावर.

आता वाटाणा. १९१२ साली फाळके लंडनला विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले. कथापट काढायचा तर पैसा हवा, आणि पैसेवाल्याला या उद्योगावर विश्वास बसायला हवा. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिन्याहून अधिक काळ चाललेली ती वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. माती फुटली, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या फितीचं नाव. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे उभे करायला मदत केली आणि पुढं ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढं आला. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं काम अंधारात बसून करायच्या सरस्वतीबाई फाळके. कॅमेऱ्यामागं होते त्र्यंबकचेच बालमित्र तेलंग. भारतीय सिनेमाचा पाया वाटाण्यावर रचला गेला असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पैशाचे स्रोत आटले. तोवर फाळके नाशकात आले होते. मोठा पट काढणं परवडेना, तेव्हा त्यांनी आगकाड्या घेतल्या. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचं, काडी जराशी सरकवायची, पुन्हा एक चित्र. मूकपटाच्या जमान्यात सेकंदाला साधारण १६ चित्रं लागत, म्हणजे मिनिटभराच्या खेळाला हजाराच्या आसपास. मध्ये कुणाचा धक्का लागला की मागचं सगळं पाण्यात. १९१५ च्या या लघुपटाचं नाव ‘आगकाड्यांची मौज’. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्ये असाच काड्यांचा खेळ केला होता आणि फाळक्यांना तिथून कल्पना सुचली असावी, असं म्हटलं जातं. नाण्यांना नाचवणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ही त्यांनी केला. भारतातल्या अॅनिमेशनचा आरंभ सांगताना या दोन्ही नावांशी थांबावं लागतं, आणि दोन्हींची फीत आज उरलेली नाही.

कसाऱ्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवर ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळी राहतात. ज्या चित्रांमुळं वारल्यांचं नाव जगभर झालं ती प्रामुख्यानं डहाणू-तलासरी-जव्हार भागातली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग आणि शहापूर-मुरबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते. लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. कुडाच्या भिंतीवर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चित्र ‘काढत’ नसत, ‘लिहीत’. या चौकाच्या बाहेर पडून एका पुरुषानं रोजच लिहायला घेतलं, तो जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली आणि मुलानं बोलणं टाकलं. मग सांगायचं ते तो मातीत रेघा ओढून सांगे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात पोचले आणि कागद-कापडावरची वारली चित्रं बाहेर आली. म्हशांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ज्या बायकांच्या हातून ही लिपी पिढ्यान्‌पिढ्या उतरली, त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं कुणाला सांगता येतील, हेही इथंच नोंदवून ठेवावं.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, आणि काड्यांचे हातपाय. चेहरा नाही, म्हणून सगळा भाव हालचालीत. कंबरेतून वाकला की लावणी करतो, मागं कलला की ताडावर चढतो, हातात हात गुंफले की तारप्याच्या वेटोळ्यात नाचतो. चलतचित्र करणारा नवशिका पात्राचे सांधे कुठं ठेवावेत यावर महिनोन्‌महिने अडतो. इथल्या मुलीला ते लग्नाच्या भिंतीवर पाहून ठाऊक असू शकतं.

तरी शाळेत काय होतं? महाराष्ट्रात चित्रकलेची वाट बहुतेक मुलांसाठी दोन शब्दांतून जाते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या या रेखाकला परीक्षा आता कला संचालनालय घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन. बाकावर तांब्या आणि त्याच्याशेजारी वांगी मांडून ठेवलेली, आणि पोरांच्या कपाळावर आठ्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यावर ड्रॉइंगच्या सरांची किंमत घराघरात वाढली. गुणांसाठी का होईना, कुंचला हातात आला. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. यातल्या स्मरणचित्रात मुलाला स्वतःचं काहीतरी सांगायला थोडी जागा आहे. चित्र हललं पाहिजे असं मात्र एकही प्रश्नपत्रिका म्हणत नाही.

सर मिळायचे तर तेही शाळेच्या आकारावर ठरतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण पटावर शंभराहून जास्त मुलं असतील तर. घाटाच्या कुशीतल्या पाड्यावरच्या लहान शाळेला हे गणित कसं सुटावं? तिथं कला म्हणजे जो शिक्षक असेल त्याची हौस.

हौस असेल तर सामानाचं फारसं अडत नाही. वहीच्या कोपऱ्यात एकाच माणसाची वीस-पंचवीस चित्रं थोडी थोडी बदलून काढली आणि पानं अंगठ्याखालून फरफर सोडली की तो चालू लागतो; हे प्रत्येक पिढीतल्या मागच्या बाकावरच्या मुलांना आपोआप सापडतं आणि त्यासाठी ती मारही खातात. मोबाइलवर सेकंदाला १२ चित्रं धरली तरी खेळ चालतो. दहा सेकंदांना १२० फोटो, म्हणजे दोन तासिका, एक काडेपेटी आणि टेबलाला कुणी हात लावणार नाही अशी ताकीद. मोबाइल कशावर तरी घट्ट टेकवलेला हवा आणि खिडकीतलं ऊन सरकत असेल तर ती लावून घ्यायला हवी, नाहीतर काड्यांबरोबर सावल्याही नाचतात.

वाटाण्याचा प्रयोग अधिक सोपा, फक्त लांबलचक. शहापूर-मुरबाडकडे भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात, तेव्हा वाटाण्याऐवजी वालाचा दाणा घ्यावा. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो. आश्रमशाळेत अडचण येते ती सुट्टीची. दिवाळीला मुलं पाड्यावर जातात, वर्गाला कुलूप लागतं आणि कुंडी आत राहते. त्यामुळं दाणा शाळा पुन्हा भरल्यावर पेरायचा, आणि रविवारी पाणी कुणी घालायचं नि फोटो कुणी काढायचा ते आधीच ठरवून फळ्यावर लिहून ठेवायचं.