टोपलीचे झाड

ग्लूस्कॅपने धनुष्य उचलले आणि अ‍ॅशच्या झाडावर बाण सोडला. खोडाची साल भेदली गेली आणि तीतून माणसे बाहेर आली. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, आजच्या मेन राज्यात आणि त्याला लागून असलेल्या कॅनडात राहणाऱ्या वाबानाकी लोकांची ही उत्पत्तिकथा आहे. चार्ल्स लेलंड याने ती १८८४ साली आपल्या कथासंग्रहात छापली. वाबानाकी हे एका जमातीचे नाव नव्हे. पेनॉब्स्कॉट, पॅसामाक्वॉडी, मॅलिसीट, मिकमॅक अशा जमातींचा तो समूह. आणि या साऱ्यांच्या लेखी अ‍ॅश हे टोपलीचे झाड.

अ‍ॅशच्या अनेक जाती आहेत, पण टोपलीला लागतो तो काळा अ‍ॅश. मेनमधले लोक त्याला तपकिरी म्हणतात. ओढ्याकाठी, दलदलीत, जेथे इतर झाडे तग धरीत नाहीत तेथे तो वाढतो. लाकूडव्यापाऱ्यांना त्याची फारशी मातब्बरी कधी वाटली नाही. त्याचा खरा गुण कुऱ्हाडीच्या तुंब्यालाच कळतो. सोललेला ओंडका तुंब्याने लांबीभर ठोकीत गेले की दर वसंतात धरलेला पोकळ थर चिरडतो आणि एकेका वर्षाचे लाकूड पट्टीसारखे सुटून येते. हातात येणारी प्रत्येक कामटी म्हणजे झाडाचे एक वर्ष! मात्र प्रत्येक झाड असे सुटत नाही. दलदलीत उभ्या असलेल्या शंभर झाडांतून कामाचे कोणते, हे सालीवरून आणि जागेवरून ओळखणे ही पिढ्यांची विद्या आहे.

झाडाची विद्या राहिली, पण झाडाखालची जमीन मात्र गेली. संघराज्याच्या संमतीवाचून मूळ रहिवाशांची जमीन कोणी घेऊ नये, असा कायदा १७९० साली झाला होता. तरीही मॅसॅच्युसेट्स राज्याने (मेन तेव्हा त्याचाच भाग होता) १७९४ साली पॅसामाक्वॉडींशी परस्पर तह करून बहुतेक मुलूख पदरात पाडून घेतला. पेनॉब्स्कॉटांचीही गत निराळी झाली नाही. मग उदरनिर्वाहाला उरली टोपली. एकोणिसाव्या शतकात बार हार्बरला हवापालटासाठी येणाऱ्या श्रीमंतांना नाजूक, रंगीत टोपल्या विकायच्या आणि अरूस्टुकच्या शेतकऱ्यांना बटाटे भरायच्या दणकट पाट्या. पुढे १९७० नंतरच्या दशकात जमातींनी तो जुना कायदा न्यायालयात पुढे केला आणि राज्याच्या जवळजवळ दोनतृतीयांश भूमीवर हक्क सांगितला. १९८० साली ८ कोटी १५ लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. त्या पैशांतून काही जमीन परत मिळाली. परंतु मेनचे बहुतेक अरण्य आजही खाजगी मालकीचे आहे. ज्याचा पूर्वज झाडातून जन्मला, त्याला ते झाड तोडण्यासाठी मालकाची परवानगी मागावी लागते.

अशा स्थितीत संकट आले ते पाचूसारख्या हिरव्या, बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या एका भुंगेऱ्याच्या रूपाने. मूळचा तो पूर्व आशियातला. बहुधा १९९० च्या दशकात मालाच्या लाकडी खोक्यांतून तो अमेरिकेत उतरला आणि २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात ओळखला गेला. भुंगेरा पाने खातो, त्याने विशेष बिघडत नाही. घात करते ती अळी. सालीखालचा जिवंत थर ती नागमोडी पोखरीत जाते, झाडाचे अन्न तुटते आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळते. आशियातल्या अ‍ॅशला या किड्याशी झुंजण्याची सवय आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅशने तो कधी पाहिलाच नव्हता. कोट्यवधी झाडे मेली. किडा स्वतः फार दूर उडत नाही. त्याला दूरवर पोचविले माणसाने, जळाऊ लाकडाच्या मोळ्यांतून.

झाडासाठी धावणे मात्र त्याआधीच सुरू झाले होते. सेंट लॉरेन्स नदीवरच्या अक्वेसास्ने येथील मोहॉक लोक (हे वाबानाकी नव्हेत, पण टोपलीकर खरे) १९९० च्या दशकापासूनच काळ्या अ‍ॅशची रोपे लावीत होते, कारण चांगली झाडे दुर्मिळ होऊ लागली होती. मेनमध्ये टोपलीकरांचा संघ १९९३ साली स्थापन झाला, तो तरुण हात या कामाकडे वळावेत म्हणून. भुंगेऱ्याच्या वार्ता आल्या, तेव्हा २००९ च्या सुमारास मेन विद्यापीठातील डॅरेन रँको आणि जॉन डेगल या दोघा पेनॉब्स्कॉट प्राध्यापकांनी टोपलीकर, वनाधिकारी आणि शास्त्रज्ञ यांना एकत्र बसविले. भुंगेरा मेनमध्ये सापडला २०१८ साली. शत्रू वेशीवर येण्याआधी नऊ वर्षे मसलत सुरू झाल्याची उदाहरणे वनखात्यांच्या इतिहासात फार नसावीत. आणि त्या बैठकीत जंगलतोड्यांचे ज्ञान दुय्यम नव्हते. ज्या झाडाला बाजारात भाव नाही, ते नेमके कोठे आणि कसे वाढते हे टोपलीकरांना सरकारी नोंदवह्यांपेक्षा अधिक ठाऊक होते.

याचा एक नमुना मिशिगनचा आहे. तेथील अनिशिनाबे कारागीर ओंडका लगेच ठोकायचा नसेल तर पाण्यात बुडवून ठेवीत, म्हणजे तो वाळत नाही. कीटकशास्त्रज्ञांनी या कारागिरांबरोबर ती रीत पारखली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला : ओंडका हिवाळ्यात सुमारे १८ आठवडे किंवा वसंतात १४ आठवडे बुडालेला राहिला तर आतल्या साऱ्या अळ्या मरतात आणि कामट्या मात्र चांगल्या निघतात. किडक्या प्रदेशातले लाकूड निर्धोकपणे वापरण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

उलट, किडा येण्याआधीच अ‍ॅश तोडून विकावा, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला गेला. हिशेबाला तो पटण्यासारखा आहे. पण मरणाऱ्या हजारो झाडांत एखादे तगते, आणि ते कोणते हे आधी कळत नाही. सरसकट तोडीत तेही जाते. त्यातच जानेवारी २०२१ मध्ये संघराज्याने या किड्यासाठी घातलेली लाकडाच्या वाहतुकीची बंदी उठविली. किडा आता आवरत नाही, हे सरकारने मान्य केले. राज्यांनी आणि जमातींनी आपापले पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

जमाती आज बी गोळा करीत आहेत. काळा अ‍ॅश दर वर्षी फळत नाही, आणि पेरलेले बी पुष्कळदा दोन हिवाळे जमिनीत काढल्यावर उगवते. उगवलेले रोप मनगटाएवढे झाले की भुंगेऱ्याच्या तावडीत सापडते. म्हणून बरेचसे बी शीतगृहात आहे. मिशिगनच्या केली चर्च या टोपलीकर बाईंनी अंड्याच्या आकाराची एक टोपली विणली आहे. तिच्या आत एका कुपीत हिरवा भुंगेरा आहे आणि शेजारी एक पेन ड्राइव्ह, त्यात ही विद्या नोंदविलेली.