शिवजन्मतिथीचा वाद : पुराव्याने भांडायचे म्हणजे काय?

महाराष्ट्रात इतिहासावरून वाद पेटायला निमित्त लागत नाही. आणि विषय शिवछत्रपतींचा असला तर बोलायलाच नको. म्हणूनच आजच्या सूत्रासाठी मुद्दाम सर्वांत नाजूक विषय निवडला आहे. महाराजांचा जन्म नेमका केव्हा झाला? 1627 साली की 1630 साली? उत्तर तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ते उत्तर कसे मिळाले, कोणी कोणाशी कसा वाद घातला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शके 1549, वैशाख महिना, म्हणजे इ. स. 1627, हा जन्मकाळ सर्वमान्य होता. त्याचा आधार बखरींचा. महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच लिहिलेली सभासदाची बखर जन्मतिथीविषयी मौन बाळगते. तिथी देतात त्या पुढच्या काळातल्या बखरी, आणि त्यांचेही तिथी-वारांबाबत आपसांत पटत नाही. 1900 साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’त या प्रश्नाची छाननी केली, तेव्हा हाती होते ते एवढेच.

मग भोर भागातील कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातली एक शकावली टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे वर्षानुक्रमे केलेल्या घटनांच्या त्रोटक नोंदी. हे जेधे कोणी परके नव्हेत. कान्होजी जेध्यांचे घराणे स्वराज्याच्या आरंभापासून महाराजांच्या पाठीशी होते. या शकावलीत जन्माची नोंद सापडली : शके 1551, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, किल्ले शिवनेरी. 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात ही शकावली छापली गेली.

इथे जरा थांबू. टिळक त्या वेळी देशातले एक सर्वांत मोठे पुढारी होते. शिवजयंतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात त्यांचा हात होता. वेदकाळाच्या निर्णयासाठी नक्षत्रगणिताचा आधार घेणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ त्यांनी 1893 सालीच प्रसिद्ध केला होता, म्हणजे कालगणनेतला अधिकारही वादातीत. ‘मी सांगतो म्हणून माना’ एवढे म्हणण्याची ऐपत कोणाची असेल तर ती त्यांची होती. पण त्यांच्या नावाने प्रश्न सुटला नाही, सुटायलाही नको होता. महत्त्वाचे हे की मूळ कागदच छापून सर्वांपुढे आला. ज्याला पटत नसेल त्याने गणित करून पाहावे.

आणि हे गणित कोणालाही करता येते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेतले सूत्र. पण फाल्गुन येतो इंग्रजी वर्षाच्या आरंभी, म्हणून तिथे 79 मिळवावे लागतात. 1551 अधिक 79, म्हणजे 1630. (78 मिळवून 1629 काढणारे महाभाग आजही भेटतात.) त्या तृतीयेला जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख येते 19 फेब्रुवारी, आणि वार खरोखरच शुक्रवार. आज रूढ असलेल्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस 1 मार्च 1630 ठरतो. तिथी, वार, नक्षत्र आणि संवत्सर ही चारही अंगे एकमेकांशी जुळतात. मागाहून अंदाजाने लिहिलेल्या नोंदीत असा मेळ सहसा बसत नाही. कुठेतरी वार चुकतो, कुठे संवत्सर.

तरीही विरोधकांचे म्हणणे पोकळ नव्हते, आणि ते नीट मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांचा आक्षेप असा : एका घराण्याच्या दप्तरातला एकच कागद, तोही नक्कल, त्यावर विसंबून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली परंपरा का मोडायची? शिवाय पंचांग जुळले म्हणजे तो दिवस अस्तित्वात होता एवढेच सिद्ध होते. त्या दिवशी जन्म झाला हे कसे सिद्ध होते? प्रश्न बिनतोड आहे. असा प्रश्न विचारणाऱ्याला शिवद्रोही ठरवणे सोपे. उत्तर शोधणे कष्टाचे. सर जदुनाथ सरकारांसारख्या फारसी साधनांच्या जाणकारानेही आपल्या शिवचरित्रात 1627 हेच साल राखले. 1927 साली मुंबईत त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला तोही जुन्याच हिशेबाने.

वादाचा तोल बदलला तो आवाज चढवून नव्हे, नवे साधन हाती आल्यामुळे. स. म. दिवेकरांना तंजावरला कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य मिळाले. परमानंद हा महाराजांच्या पदरचा, समकालीन कवी. आणि त्याच्या काव्यातही शके 1551 मधील फाल्गुन वद्य तृतीयाच आली. पुढे जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातील कुंडल्यांत महाराजांची कुंडली निघाली. तिचा कौलही 1630 च्याच बाजूने. मावळातली मराठी शकावली, तंजावरात जतन झालेले संस्कृत काव्य आणि मारवाडातली कुंडली : तीन प्रांत, तीन प्रकारची साधने. या तिघांनी एकमेकांची नक्कल केली असे दाखवणे कठीण आहे. ‘एकच कागद’ हा आक्षेप इथे गळून पडला.

माझ्या मते या वादातला खरा धडा तज्ज्ञांच्या मानाविषयीचा आहे. तज्ज्ञाचा मान राखायचा तो कशासाठी? मोडी वाचता येते, अस्सल आणि नक्कल यांतला फरक कळतो, जंत्री चालवता येते, कागद कोणत्या दप्तरातून कसा आला हे विचारण्याची सवय आहे, यासाठी. ही वर्षानुवर्षांची मेहनत आहे आणि दोन भाषणे ऐकून ती अंगी येत नाही. पण त्याच मेहनतीमुळे तज्ज्ञाला प्रतिप्रश्न करण्याचा मार्गही खुला होतो. जन्मवर्षाबाबत सरकारांशी मतभेद असणाऱ्याला त्यांच्या फारसीच्या व्यासंगावर चिखलफेक करण्याची गरज नाही. ‘शिवभारता’तली तिथी पुढे ठेवली की पुरे.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नका. मराठी संशोधकांची लेखणी जहाल होती; नावे घेऊन, कोपरखळ्या मारून लिहिण्याची चाल सर्रास होती. राजवाड्यांच्या फटकळपणाच्या कथा तर आजही सांगितल्या जातात. मला स्वतःला त्या जहालपणाचा फारसा त्रास होत नाही, कारण टोमण्यामागे बहुधा एखादा कागद असे. टोमणा विसरला गेला तरी कागद उरला.

1966 साली राज्य शासनाने या प्रश्नासाठी इतिहासकारांची समिती नेमली. त्या पिढीतले नामांकित अभ्यासक तीत होते, आणि तरीही त्यांचे एकमत झाले नाही. पुढे शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख अधिकृत मानली. जयंती तारखेने करावी की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद त्यानंतरही चालू आहे. पण तो उत्सवाचा वाद झाला, कालनिर्णयाचा नव्हे. तारीखवाले आणि तिथीवाले दोघेही मोजतात तो दिवस जेध्यांच्या शकावलीतलाच.