भाकीत चुकले, वाट सापडली

1955 साली जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले, की येत्या दोन दशकांत केंद्रकांच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची रीत सापडेल. ते खरे ठरले नाही. असे का झाले?

संमीलनासाठी हायड्रोजनच्या समस्थानिकांचे मिश्रण दहा कोटी अंशांहून अधिक तापवावे लागते. असा प्लाझ्मा कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. चुंबकीय क्षेत्राने धरावा, तर तो खवळून निसटतो. ही खळबळ गणिताने समजून घ्यायची तर प्रचंड संगणक हवा, आणि तो प्रत्येक प्रयोगशाळेला कसा परवडणार?

म्हणून 1974 साली अमेरिकेत लिव्हरमोर येथे संमीलन-संशोधकांसाठी सामाईक संगणक केंद्र निघाले. दूरदूरचे संशोधक तारांवरून त्यावर गणिते करू लागले. भाभांनी दिलेल्या मुदतीत ऊर्जा मिळाली नाही, पण एकत्र काम करण्याची वाट सापडली.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ महासंगणक बांधला. पुढे तिच्या ‘गरुड’ जाळ्याने 17 शहरांतील संस्था जोडल्या. भारत भागीदार असलेल्या फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पातून 2016 मध्ये जपानला, एका प्रयोगातून निघेल एवढी 1 टेराबाइट माहिती अर्ध्या तासात पाठवण्याची चाचणी यशस्वी झाली.

शिक्षकांना आम्ही एक सुचवतो. हिरकणीवाडी, महाड आणि पोलादपूरच्या शाळांनी आठवडाभर एकाच वेळी तापमान मोजावे आणि एकाच तक्त्यावरून आलेख काढावा. एकट्या शाळेला न दिसणारे त्यात दिसेल.