घोड्याचे सीरम
३. घोड्याचे सीरम : लिंफपेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांचे औषध. लिंफपेशी घोड्याला टोचून त्याच्या रक्तातून ते काढीत. अमेरिकेत डेन्व्हरचे शल्यविशारद टॉमस स्टार्झल यांच्या गटाने ते मूत्रपिंडरोपण केलेल्या कुत्र्यांवर तपासले. शरीर परके मूत्रपिंड नाकारू लागण्याआधीच, प्रतिबंधक म्हणून ते देत. त्यामुळे मूत्रपिंडे अधिक काळ टिकत, पण कायमची टिकतील याची शाश्वती नसे. १९६६मध्ये या गटाने ते माणसांना देण्यास सुरुवात केली. भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५मध्ये झालेले मूत्रपिंडरोपण त्यापूर्वीचे. मात्र देशातील पहिले यशस्वी रोपण १९७१मध्ये वेल्लोरला झाले. आज सशापासून बनवलेले असेच औषध वापरात आहे. – संपा.